मापांच्या वहीबद्दल, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

माझ्या माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन, म्हणजे ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो ते, आपण उघडून पुन्हा जुळवलं. त्याच्या कॉम्प्रेशनचे आकडे तुम्हाला फोनवर सांगितलेच आहेत. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण हे पत्र तुमच्याबरोबर इतरांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. पुढच्या रोटरच्या तीन बाजू ८.३, ८.४, ८.३. मागच्या रोटरच्या ८.५, ८.३, ८.४. सगळे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, २५० आरपीएमला धरून. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनाला किमान ६.९ लागतात. इंजिन उघडण्याआधी पुढच्या रोटरची एक बाजू ५.४ वर आली होती आणि गरम असताना बंद केलेली गाडी पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नव्हती.

ऑकलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या आरएक्स-८ पुष्कळ दिसतात आणि त्या घेणाऱ्यांत आपली मराठी मुलंमुलीही आहेत. माझी गाडी पुन्हा रस्त्यावर आल्यापासून त्यांतले बरेच जण मला एकच विचारतात, "किट कुठलं घेतलंस?" त्याचं खरं उत्तर तुम्ही आहात, आणि तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची मापांची वही. म्हणून आभार चारचौघांत मानतेय.

तुमच्याकडे आले तेव्हा खरेदीची यादी माझ्या हातात होती. एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या), कॉइल, हलकं फ्लायव्हील, मोठे केलेले पोर्ट (हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची दारं). तुम्ही ती शांतपणे शेवटपर्यंत वाचलीत आणि म्हणालात, "माप आधी घे पोरी, खरेदी मागनं." मग त्याच कागदाच्या पाठीवर, काकूंचा चहा होईपर्यंत, हिशेब मांडलात. ३ गुणिले ३ चं वर्गमूळ, गुणिले १५ मिमी विकेंद्रता, गुणिले १०५ मिमी त्रिज्या, गुणिले ८० मिमी रुंदी. उत्तर ६५४ सीसीच्या किंचित वर. दोन रोटरचे मिळून १३०८. "ही झाली तुझी १३बी." म्हणजे माझदाचं दोन रोटरचं इंजिन, रेनेसिस त्याच कुळातलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांचे लायनर बोअर करत तुमची उमेदीची वर्षं गेली. रोटरी तुम्ही इथे न्यूझीलंडला आल्यावरच पहिल्यांदा उघडलंत, आणि तरी ती तुम्ही अशी मुळापासून मांडत होतात. रोटरच्या आतल्या गिअरला ५१ दाते, स्थिर गिअरला ३४, म्हणून रोटरचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात आणि मीटरवर ९००० दिसत असताना रोटर फिरत असतो ३००० नेच. हे मी आधी वाचलं होतं. दाते बोटाने मोजत समजलं ते तुमच्या बाकावर.

फ्लायव्हीलचा ५४ मिमीचा नट सुटला आणि पुढचं सगळं सावकाश झालं. तुम्ही घाई करू दिली नाहीत याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. प्रत्येक सील ज्या खाचेतून निघाली त्या खाचेच्या नावाने डबीत गेली. एका रोटरला ३ एपेक्स सील, कोपऱ्यांच्या ६ कॉर्नर सील, बाजूंच्या ६ साइड सील आणि ऑइलच्या ४ रिंगा, शिवाय रेनेसिसमध्ये दोन्ही बाजूंना एकेक कट-ऑफ सील. हे सगळं दोनदा. ज्या सील टाकूनच द्यायच्या आहेत त्यांना नावं कशाला, असं मी विचारलं होतं. झीज कुठे जास्त आहे ते पाहिल्यावर तेल कुठे कमी पडलं ते कळतं, असं तुम्ही म्हणालात, आणि झालंही तसंच. एपेक्स सील मधोमध जास्त खाल्लेल्या होत्या. सुरुवातीच्या रेनेसिसमध्ये मीटरिंग पंपाचं (सीलना मोजून तेल देणाऱ्या पंपाचं) तेल प्रत्येक रोटर हाउसिंगवर, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचावर, दोन ठिकाणी पडतं, दोन्ही कडांच्या बाजूला, आणि मधल्या पट्ट्यावर कमी पोचतं. नंतरच्या सुधारित मॉडेलमध्ये माझदाने स्वतःच मध्ये तिसरं इंजेक्टर दिलं.

वहीची खरी किंमत कळली ती साइड हाउसिंग, म्हणजे रोटरच्या पुढे, मध्ये आणि मागे असलेल्या बिडाच्या तीन भिंती, मोजताना. जुन्या १३बीमध्ये एक्झॉस्टचा पोर्ट रोटर हाउसिंगच्या घेरावर असे. रेनेसिसमध्ये तो बाजूच्या बिडाच्या भिंतीत आहे. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहत नाहीत आणि धूर स्वच्छ निघतो, पण साइड सीलना तापलेल्या पोर्टवरून जावं लागतं आणि कार्बन नेमका त्यांच्या खाचेत बसतो. मधलं हाउसिंग सगळ्यांत तापतं, कारण दोन्ही रोटरचा धूर तिथून एकत्र निघतो. म्हणून माझी नजर मधल्यावर होती. तुम्ही सरळपट्टी आणि डायल गेज घेऊन तिन्हींवर त्याच क्रमाने, त्याच बारा जागी मापं घेतलीत, आणि झिजेची पायरी सापडली ती मागच्या हाउसिंगवर, एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला. नखाला लागत होती. मधलं मापात होतं.

लॅपिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, ते वाचवता येईल का, असं मी विचारलं. या एका प्रश्नावर तुम्ही मला जितका वेळ दिलात तितका कुठल्याही दुकानाने दिला नसता. बिडाच्या त्या पृष्ठभागावर नायट्रायडिंगचा पातळ, कडक थर असतो. पायरी घालवायला घासलं तर तोही जातो, आणि खालचं मऊ बीड नव्या सीलखाली लवकर झिजतं. लॅपिंगनंतर पुन्हा नायट्रायडिंग करून घ्यायची सोय असेल तरच तो रस्ता धरावा. माझ्या बाबतीत ते एक हाउसिंग नवं घेणं शहाणपणाचं ठरलं आणि बाकीची दोन फक्त साफ करून परत बसली. रोटर हाउसिंगचंही तसंच. ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी पत्र्यावरचं क्रोम एकाचं स्पार्क प्लगजवळच्या कडेला सुटायला लागलं होतं, ते बदललं. दुसऱ्याचं चांगलं होतं, ते ठेवलं. मी दोन्ही बदलणार होते. तो वाचलेला पैसा पुढे रेडिएटरला आणि कॉइलना लागला.

एपेक्स सीलवर आपला खूप वाद झाला. मला महागडी सिरॅमिक हवी होती. हलकी असते, फार कमी झिजते, सगळं खरं. पण डेटोनेशनचा (पेट्रोल एकदम भडकून होणाऱ्या स्फोटाचा) दणका बसला तर ती फुटते आणि तुकडे हाउसिंगची वाट लावतात. बाजारातल्या मऊ पोलादी सील अशा वेळी तुटण्याऐवजी वाकतात, म्हणून टर्बोवाले त्या पसंत करतात. माझी गाडी टर्बोची नाही, रोज कामावर जाणारी आहे, तेव्हा कंपनीच्याच सील बसवायच्या, हा तुमचा निर्णय. आज मी तो कुणालाही डोळे झाकून सांगेन. तुम्ही तेव्हा १९६० च्या दशकातल्या हिरोशिमाबद्दल बोललात. केनिची यामामोतो आणि त्यांचे ४७ इंजिनिअर, हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर उठणाऱ्या लाटांसारख्या खुणा, ज्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमची सील सापडली तेव्हा कुठे १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. एवढ्या लोकांनी एवढ्याशा पट्टीवर आयुष्य घातलंय, तिच्यावर आपण जाहिरात वाचून मत बनवू नये, असं तुम्ही म्हणालात. एमएक्स-३० साठी २०२३ मध्ये आलेल्या नव्या ८सी इंजिनात माझदाने एपेक्स सील २ मिमीवरून २.५ मिमी जाड केल्याचं मी तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता. "अजून त्यावर काम चाललंय म्हणजे!"

आणि साइड सील. काका, या पत्रातलं सगळं गाळायला सांगितलंत तरी हे मी ठेवीन. नवी साइड सील थोडी लांब येते. ती घासून, तिच्या टोकात आणि कॉर्नर सीलमध्ये नेमकी फट ठेवून बसवावी लागते. १३बी कुळात नवी फट ०.०५ ते ०.१५ मिमी चालते, ०.४० च्या पुढे गेली की बदलायची. आपण ०.०५ धरायचं ठरवलं. बारा सील, प्रत्येक आपापल्या खाचेसाठी. रेनेसिसमध्ये त्या पाचरीच्या आकाराच्या असतात, कार्बनने अडकू नयेत म्हणून, त्यामुळे हातात धरतानाही तिरप्या होतात. तुम्ही पहिली करून दाखवलीत : टोकाचा कोन तसाच ठेवायचा, कानस एकाच दिशेने, दोन हात मारले की फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी). दुसरी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः खुर्चीवर बसलात. उरलेल्या अकरांत तुम्ही एकदाही हात घातला नाहीत. प्रत्येकीची फट मात्र तुम्ही स्वतः गेज घालून तपासलीत आणि वहीत माझ्या अक्षरात लिहून घेतलीत. परवाच्या चाचणीत सहाही बाजू इतक्या जवळजवळ आल्या याचं कारण मला तरी तिथेच दिसतं.

जुळणीच्या दिवशी सील खाचेत धरून ठेवायला व्हॅसलीन, पाण्याच्या जाकिटाच्या सील बसवण्याआधी प्रत्येक खाचेच्या भिंतीला तडा आहे का ते भिंगातून पाहणं, मधलं हाउसिंग उतरवताना शाफ्ट इंचभर वर उचलून धरणं. तो शाफ्ट काकूंनी धरला होता, त्यांचेही आभार. पुढचा मोठा बोल्ट घट्ट करताना थ्रस्टच्या नीडल बेअरिंगने जागा सोडली तर ते स्पेसरखाली चिरडतं आणि शाफ्टचा एंड प्ले (पुढेमागे सरकायची मोकळीक) बिघडतो. म्हणून तुम्ही डायल गेज लावून तो पुन्हा पुन्हा पाहिलात, मी कंटाळले तरी.

आता सुधारणा, कारण विचारणाऱ्यांना हेच हवं असतं. आपण जे केलं ते इंजिनाच्या भोवतालीच जास्त. स्थिर गिअरमधली बेअरिंग तांब्याच्या रंगापर्यंत झिजलेली निघाली, ती नवी घातली आणि तेलाचा दाब वाढवला. सुधारित मॉडेलमध्ये कंपनीनेही तो वाढवलेलाच आहे. पेट्रोलमध्ये लिटरला ५ ते ८ मिली टू-स्ट्रोक तेल, दर वेळी टाकी भरताना, म्हणजे सीलच्या मधल्या पट्ट्यालाही तेल मिळतं. इग्निशनच्या चारही कॉइल बदलल्या. त्या दमल्या की न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो वितळून तुंबतो, आणि अडलेली उष्णता उलटी इंजिनात येऊन सीलचा जीव घेते. जुना कन्व्हर्टर काढून पाहिला तेव्हा त्यातून उजेड दिसत नव्हता. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर जाऊन पूर्ण ॲल्युमिनियमचा आला आणि पाण्याच्या तापमानाचा वेगळा आकडी मीटर बसला, कारण गाडीतला काटा बराच वेळ मध्यावरच राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टार्टरही जास्त ताकदीचा, नंतरच्या मॉडेलचा.

पोर्ट मोठे केले नाहीत. रेनेसिसचा एक्झॉस्ट पोर्ट बाजूला आहे, तो वाढवत गेलं की साइड आणि कॉर्नर सीलला खालून मिळणारा आधार कमी होतो. हे तुम्ही जुन्या हाउसिंगवर जुनी सील सरकवून दाखवलंत आणि माझ्या यादीतली ती ओळ मीच खोडली.

पैशांचा विषय मी काढला की तुम्ही काकूंच्या भडंगाचा काढायचात. त्याचं मी इथे काही करू शकत नाही. पण वहीची प्रत काढायला तुम्ही परवानगी दिलीत, ही मोठी गोष्ट आहे. ज्यांना हवी त्यांना मी ती देतेय. त्यात माझ्या इंजिनाची मापं आहेत, त्यांच्या इंजिनाची त्यांना स्वतःच घ्यावी लागतील, हेही प्रत्येकाला सांगते. इथल्या हेंडरसन उपनगरातली एक मुलगी आणि तिचा भाऊ फिलर गेज घेऊन कामाला लागलेसुद्धा. त्यांचं मधलं हाउसिंग गेलंय असं दिसतं. तुमचा सल्ला हवा आहे, मी त्यांना परस्पर पाठवलं नाही, आधी तुम्हाला विचारते.

पुढच्या ऑइल बदलाला जुना फिल्टर कापून आत धातूच्या कणांची चकाकी आहे का ते पाहायचं ठरलंय. तुम्ही येतो म्हणाला आहात. रविवार सकाळ धरते, काकूंनाही आणा.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या बाकावर अकरा साइड सील घासलेली पोरगी
ऑकलंड