अकरा फुल्या आणि रिकामे पंचावन्न

संपादक महोदय,

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक नुकतीच झाली. अकरा जागा, दोन पॅनेल. 120 सभासदांनी मतदान केले. 65 जणांनी एका पॅनेलवर वरपासून खालपर्यंत फुल्या मारल्या आणि अकराही जागा तिकडे गेल्या. उरलेल्या 55 जणांचा मंडळात एकही माणूस नाही. वर्षानुवर्षे बालविभाग फुकट सांभाळणाऱ्या बाईही पडल्या.

पसंतीक्रमाने मतदान घ्या म्हटले, तर सचिव म्हणाले, "आपल्या लोकांना ते झेपायचं नाही." अहो, निम्मे सभासद मास्तर! विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात हीच मंडळी आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने 1, 2, 3 लिहून येतात.

हिशेब साधा आहे. अकरा जागा असतील तर वैध मतांना बाराने भागायचे आणि एक मिळवायचा. 120 मतांना कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, येतो 11. अकरा पहिल्या पसंती मिळाल्या की माणूस निवडून आला. त्याची जादा मते त्याच मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे कमी मूल्याने वळतात. तरी जागा उरल्या, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका 2 लिहिलेल्याच्या गठ्ठ्यात पडतात. या रीतीने आमच्या 55 जणांना पाच जागा मिळाल्या असत्या, 65 जणांना सहा.

अध्यक्ष एकच निवडायचा, तर कोटा निम्म्याहून एक जास्त. राष्ट्रपतींची निवड अशीच होते. 1969 साली पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी पुढे होते, पण कोटा गाठला नव्हता. आपले चिंतामणराव देशमुख तिसरे. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी 4,20,077 आणि संजीव रेड्डी 4,05,427 असा निकाल लागला.

मोजणीला वेळ लागतो, हे कबूल. आमची यंदाची मोजणी चहा निवायच्या आत आटोपली. या पद्धतीत कदाचित रात्रीचं जेवणही तिथंच करावं लागेल.

त्यासाठी आधी संस्थेची घटना दुरुस्त करावी लागेल. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, असा लेखी अर्ज मी दिला आहे. पोच अजून मिळालेली नाही.

– एक आजीव सभासद, परभणी जिल्हा