नावं ठेवणारे पायलट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात हेलिकॉप्टर पायलटांवर अर्धं पान आलं होतं, वाचलं, चांगलंच होतं, पण फोटोत सगळे छाती काढून उभे आणि मजकुरात नुसतं शौर्य, शौर्य. अहो ही माणसं हसतात की नाही?

आम्ही उपनगरला राहतो, गांधीनगरचं आर्मीचं एअरफील्ड जवळच, गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून चीता नाहीतर चेतक हेलिकॉप्टर जातंच. खालच्या मजल्यावरचे काका हेलिकॉप्टरच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेत. त्यांनी एकदा चमच्यावर बशी उपडी धरून दाखवलं, हा पंखा, ही दांडी आणि वरती हा सगळं धरून ठेवणारा एकच नट. अमेरिकन पायलटांनी त्याला नाव ठेवलं 'जीझस नट', कारण तो निघाला तर पंखा गेला, मग येशूचा धावा करायचा, दुसरं काय. आपल्याकडे त्याला 'रामनाम नट' म्हटलं असतं असं काका म्हणाले आणि एवढे हसले की बशी फुटली (काकूंचा सेट होता, ते वेगळंच).

गंमत म्हणजे मराठीत नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं, या लोकांनी दोन्ही एकदमच केलं. व्हिएतनाम युद्धातल्या त्या प्रसिद्ध अमेरिकन हेलिकॉप्टरचं सरकारी नाव इरोक्वॉय, पण ते कोण म्हणतंय, कोड होता एचयू-1 त्याची झाली 'ह्यूई', 1962 मध्ये कोड बदलून यूएच-1 केला तरी ह्यूई ती ह्यूईच. बाजूला रॉकेट वगैरे न लावलेली, नुसती सैनिक वाहणारी ह्यूई म्हणजे 'स्लिक', गुळगुळीत. नवखा को-पायलट म्हणजे 'पीटर पायलट'. अफगाणिस्तानात रशियन लोक आपल्या एमआय-24 हेलिकॉप्टरला मगर म्हणायचे, फोटो बघा, पटेल.

व्हिएतनाममध्येच जखमींना उचलणाऱ्या अमेरिकन हेलिकॉप्टरांचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखीचं नाव, होता 'डस्टऑफ', उतरताना उडणाऱ्या धुळीला अगदी शोभणारा. त्यातले मेजर चार्ल्स केली 1 जुलै 1964 ला जखमी आणायला उतरले, खालून गोळीबार, जमिनीवरचे त्यांचेच लोक रेडिओवर सांगतायत निघून जा, तर म्हणाले तुमचे जखमी घेतले की निघतो. तिथेच गोळी लागून गेले. अशा कामाला रोज निघणारा माणूस मशीनची टिंगल करणार नाही तर काय करणार, भीती आहे असं तोंडाने म्हणता येत नाही ना.

म्हणून विनंती, 1 नोव्हेंबरला आर्मी एव्हिएशनचा स्थापना दिवस असतो, यावेळी पुरवणी काढाल तर नाशकातल्या रिटायर पायलट आणि टेक्निशियन मंडळींना पदकांऐवजी टोपणनावं विचारा. मी काकांना विचारून बघितलं, म्हणाले आमची नावं पेपरात छापण्यासारखी नाहीत. दोन-चार तरी निघतील हो, नीट विचारलं तर.

तुमचा एक वाचक,
उपनगर, नाशिक