औषधी मणी भरले, तरी मेलेले हाड काढावेच लागते

हाडातील जंतुसंसर्गावर विरघळणाऱ्या औषधी मण्यांविषयीचा आपला लेख वाचला. हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या सिमेंटचे मणी काढायला सहसा दुसरी शस्त्रक्रिया लागते, कॅल्शियम सल्फेटचे आपोआप विरतात, हे खरेच. पण त्यांतून ‘महिनाभर सारखेच औषध झिरपते’ हे विधान पटत नाही. मण्यांत मिसळलेल्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचा मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतच सुटतो. पुढे मात्रा घसरत जाते. त्यामुळे मेलेले हाड, ताजे रक्त दिसेपर्यंत, आधी खरवडून काढावेच लागते. मणी विरताना जखमेतून पाणी झिरपते. ते पू समजून नातेवाईक धास्तावतात, क्वचित जखम विनाकारण पुन्हा उघडलीही जाते. शिवाय मणी जास्त भरले तर रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. मूत्रपिंड अधू असलेल्या रुग्णाची कॅल्शियमची तपासणी टाळू नये.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, मिरज