लेथवाल्या आप्पांना, गाडीतला पीळ काढल्याबद्दल

आदरणीय आप्पा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवेल. तो मधलं मधलं गाळतो हे मला माहीत आहे, तेव्हा त्याला आधीच दटावून ठेवा. तोंडी आभार मानायला मी दोनदा येऊन गेलो. पहिल्या वेळी तुम्ही "बस, चहा घे" म्हणून विषयच बदललात. दुसऱ्या वेळी लेथच्या चकमध्ये कुणाच्या तरी पंपाचा शाफ्ट चढवलेला होता आणि तो शेतकरी तुमच्या डोक्यावर उभा होता. बागेला दोन दिवस पाणी नाही म्हटल्यावर माझ्या खेळण्यातल्या गाडीचे आभार कुठे मधे घुसवणार? मी तसाच परत फिरलो. म्हणून आता लिहूनच टाकतो. आणि चारचौघांत लिहितो, कारण धुळ्या-जळगावाकडे माझ्यासारखे आणखी काही हौशी नक्की असतील, ज्यांची गाडी एका अंगाला ओढते आणि जे रात्री एक-एक वाजेपर्यंत रिमोटची बटणं दाबत बसतात.

त्यांच्यासाठी आधी गाडीबद्दल थोडं. तामियाची एफ-१०४, १/१० मापाची, फॉर्म्युला वनसारखी उघड्या चाकांची. २००९ साली बाजारात आलेली, म्हणजे तशी म्हातारीच. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून मी ती जुनी घेतली. "एकदम सेट आहे, फक्त चालवायची," असं त्याने सांगितलं होतं. ज्याने ज्याने जुनी मोटरसायकल घेतली आहे त्याने हे वाक्य ऐकलेलं असतं. गाडी बॅटरीवर चालते, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. गिअरबॉक्स असा नाहीच, मोटरवरचा छोटा पिनियन थेट मागच्या एक्सलवरच्या मोठ्या गिअरला लागतो. आणि मागचा सगळा भाग पुढच्या पाटाला, म्हणजे तळाच्या फळीला, जोडलाय तो फायबरच्या एका पातळ, इंग्रजी टी आकाराच्या पट्टीने. टी-बार म्हणतात तिला. ती लवते आणि पिळते, तेच मागचं सस्पेन्शन. ही पट्टी लक्षात ठेवा. पुढची रामकहाणी तिचीच आहे.

आप्पा, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो ते गाडी दाखवायला नव्हे. मोटरच्या एका स्क्रूचं डोकं माझ्याच हाताने गोल झालं होतं, ॲलन की नुसतीच फिरत होती. तुम्ही हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने त्या डोक्यात एक खाच पाडली, साधा पेचकस लावला आणि पाच मिनिटांत स्क्रू बाहेर. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "काय शे भो हाई?"

मी सांगायला लागलो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, सांगितला, कॅस्टर सांगितला, टो-इन सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं. (माझ्यासारख्या मेडिकल दुकानदाराला औषधांची नावं पाठ असतात, म्हणून तो डॉक्टर होत नाही. हे तुम्ही म्हणाला नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.) शेवटी दुखणं सांगितलं: हळू चालवली तर सरळ जाते, जोर दिला की डावीकडे ओढते. डावं वळण घेताना मागून गिरकी मारते आणि उजव्या वळणाला तोंड वळवायलाच तयार नाही.

"मंग तू काय करं?"

मी रिमोटची ट्रिम फिरवली होती. स्टिअरिंग जरासं उजवीकडे. मग गाडी जोरात सरळ, पण हळू चालवताना उजवीकडे. म्हणून पुढच्या एका स्प्रिंगखाली वॉशर घातला. मग मागच्या डँपरचं, म्हणजे धक्के जिरवणाऱ्या नळीचं, तेल बदललं. मग पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर वेगवेगळा केला. महिनाभरात मी इतकं काही बदललं होतं की मूळ गाडी कशी होती ते त्या पुण्याच्या माणसालाही सांगता आलं नसतं.

तुम्ही काही न बोलता मार्किंगची जाड काच पुसली, तिच्यावर गाडी ठेवली आणि पेचकसाचं टोक पुढच्या बाजूला पाटाच्या बरोबर मध्याखाली घालून हळूच उचललं. उजवं चाक काचेवरून सुटलं. डावं चिकटलेलंच होतं. तुम्ही आणखी उचललं, तेव्हा कुठे डावं सुटलं. दोन चाकांच्या सुटण्यात नखाएवढा फरक. मी त्या गाडीकडे इतके दिवस बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता, कारण मी तो कधी शोधलाच नव्हता.

"हाई गाडी वाकडी नही शे," तुम्ही म्हणालात. "तू वाकडी कसेल शे."

बाजेचा एक पाय आखूड असला की ती डुगडुगते, हे घरातल्या पोरालाही कळतं. इथे पाय चारही सारखे होते, पण बाज विणतानाच एका बाजूची दोरी जास्त ताणली गेली होती. टी-बारचे स्क्रू मी गाडी हातात धरून, एका बाजूचे आधी पार आवळून मग दुसऱ्या बाजूचे, असे बसवले होते. पट्टी पिळलेल्या अवस्थेतच पक्की झाली. गाडी उभी असताना त्या पिळाने एका मागच्या चाकावर जास्त वजन टाकलेलं, आणि कर्णात पाहिलं तर पुढच्या उलट्या बाजूच्या चाकावर. जोर दिला की ज्या चाकावर वजन जास्त त्याला पकड जास्त, मग गाडी ओढणारच. ट्रिम फिरवून हे झाकता येतं, घालवता येत नाही.

तुम्ही सगळे स्क्रू ढिले करायला लावले. गाडी काचेवर, बॅटरी जागेवर, वरून बोटाने दोनदा दाबून सोडायची, म्हणजे पट्टी आपल्या जागी बसते. मग स्क्रू फुलीच्या क्रमाने, प्रत्येकाला थोडं थोडं. मी पेचकस पुढे केला तर तुम्ही घेतला नाहीत. "तूच कस." माझ्याकडून तीनदा उघडून घेतलंत. तिसऱ्या वेळी दोन्ही चाकं काचेवरून एकदम सुटली. आप्पा, त्या वेळी तुम्ही फक्त "हं" म्हणालात आणि विडी पेटवलीत. मी घरी जाऊन ती करामत बायकोला चार वेळा करून दाखवली.

त्याच संध्याकाळी दुसरा दोष निघाला, तो आपल्या खान्देशाचाच. आखाजीनंतर जिनिंगचं आवार रिकामं असतं, कापसाचा हंगाम संपलेला. आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी तिथेच चालवतो. काँक्रीट गुळगुळीत आहे, आणि वळणं आखायला ठिबकच्या जुन्या नळ्या टाकतो. वॉचमन दादा आधी हाकलायचा, आता तोच नळ्या काढून ठेवतो. पण आवार कितीही झाडलं तरी रुईचे तंतू हवेत असतातच. तुम्ही मागचं चाक काढलंत आणि चिमट्याने एक्सल आणि बेअरिंगच्या मधून एक मळकट, घट्ट वळलेली दोरी ओढून काढलीत. बोटभर लांब. हातात धरून उजेडात पाहिलीत आणि हसलात: "हाई ते वात शे."

खरोखर वातच होती. देवघरात लावता आली असती. एक्सल मिनिटाला हजारो फेरे फिरत होता आणि दर रविवारी ती थोडी थोडी वळत गेली होती. तेव्हापासून माझ्या पेटीत भुवया कोरायचा चिमटा आहे. तो कुठून आला ते घरी सांगू नका.

मग डिफरन्शिअल. या गाडीत ते गोळ्यांचं असतं. मोठ्या गिअरच्या भोकांत ज्वारीच्या दाण्याएवढे छर्रे, दोन्ही बाजूंनी चकत्या, आणि सगळं एका नटाने दाबलेलं. नट फार आवळला तर दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, वळताना गाडी आधी सरळ निघते आणि जोर दिला की गिरकी मारते. ढिला सोडला तर छर्रे घसरतात, तापतात आणि चकत्यांवर चरे पडतात. मी दोन्ही चाकं घट्ट धरली, तुम्ही अंगठ्याने गिअर ढकललात. तो घसरला. पाव फेरा नट, परत अंगठा. परत पाव फेरा. सरकला नाही तिथे थांबलात. ग्रीस मी दुकानातल्या सिरिंजने, प्रत्येक छऱ्यावर एक-एक थेंब असं सोडलं, त्यावर तुम्ही म्हणालात, "हाई बरं शे." तुमच्याकडून मिळालेलं तेवढंच कौतुक. इथे छापून ठेवतो.

पिनियनबद्दल एवढंच सांगतो की गिअर किती जवळ बसवावा हे मी वाचून शिकलो होतो, तुम्ही दुकानाच्या आतून आवाज ऐकून सांगितलंत. दोन गिअरांच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळायची, मग पट्टी ओढून घ्यायची. पट्टीवर दातांचे वळ उमटावेत, पण ती फाटू नये.

आता टायर. याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण हे काम सबंध तालुक्यात दुसऱ्या कुणी केलं नसतं. फोमचे टायर झिजताना गोल राहत नाहीत. मोठ्या शहरांत हौशी लोकांकडे ते घासून गोल करायचं छोटं यंत्र असतं. तुमच्याकडे सहा फुटी लेथ होता. तुम्ही ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून चाकाच्या भोकात बसेल असा एक दांडा काढलात, चाक त्यावर चढवलंत, डायल गेजचं टोक रिमला लावलंत. "रिम सरळ शे, टायर आउट मारी राह्यना." म्हणजे टायर गोल राहिला नव्हता. मग गती अगदी कमी, आणि लाकडी फळीला चिकटवलेला पॉलिश पेपर. धारदार टूल लावलं असतं तर फोम दबून फाटला असता, म्हणून नुसता कागद, तोही टेकवल्यासारखा. काळा भुगा तुमच्या पांढऱ्या गंजीवर बसत होता. मागची दोन्ही चाकं ६० मिलिमीटरवर आणलीत, व्हर्निअरने तीन-तीन ठिकाणी मोजून. बाहेरची कड जराशी गोल केलीत, म्हणजे वळणावर ती अडकून गाडी उलटणार नाही.

तुम्हीच मग वही काढायला लावलीत. ६० मिमीचा टायर, परीघ १८८.५. पिनियन २५ दात, मोठा गिअर ९३ दात. म्हणजे मोटर एक फेरा फिरली की गाडी जवळपास ५१ मिमी पुढे. टायर झिजत गेला की हा आकडाही खाली येतो, आणि माणूस म्हणतो मोटर थकली. शिवाय टायर २ मिमीने लहान झाला की गाडी १ मिमी खाली बसते. त्यासाठी तुम्ही पट्टीच्या तुकड्यातून पाटाखालची उंची मोजायला पायऱ्या पाडलेलं एक गेज करून दिलंत: ४, ४.५, ५, ५.५, ६ मिमी. आकडे पंचने ठोकलेले, ५.५ मधला टिंब जरा तिरका. पुढे ५, मागे ५.५, असं मी ठेवतो. आवाराच्या सांध्यांवर पाट घासत नाही.

आणि ते वाक्य, जे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: "एक टाइमले एकच." एक गोष्ट बदलायची, पाच फेऱ्या मारायच्या, वेळ लिहायची, मगच दुसरी. मला हे फार जड गेलं. कॅम्बरला हात लावला की बोटं आपोआप स्प्रिंगकडे जायची. पण वहीत आता दिसतं की माझ्या महिनाभराच्या खटपटींपैकी एकाचाच उपयोग होता, आणि तो डँपरच्या तेलाचा. बाकी सगळं मी पिळाशी भांडत होतो. नळ्यांच्या त्याच आखणीवर आधी १९ सेकंदांचा फेरा लागायचा, आणि तोही गिरकी न खाता पुरा झाला तर. मागच्या रविवारी सलग वीस फेरे मारले, सगळे सतराच्या आसपास, आणि ट्रिम शून्यावर.

मेमधल्या चुकीचंही सांगून टाकतो, तुम्ही विचारलं होतं आणि मी टाळलं होतं. ती फुगलेली बॅटरी मोटरसायकलच्या डिकीत राहिली होती, भर दुपारी, आवारापासून घरापर्यंत नव्हे तर पार संध्याकाळपर्यंत. आता ती खोक्यात घालून सावलीत नेतो आणि मोटर थांबवल्यावर तुम्ही दाखवलं तसं तिच्यावर बोट ठेवून तीन आकडे मोजतो. तिसऱ्याच्या आत बोट उचलावं लागलं की पिनियन एका दाताने कमी.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. लेथवर दीड तास गेला होता आणि बाहेर दोन माणसं बुशिंगसाठी उभी होती, हे मी पाहिलं होतं. "राहू दे, मालेबी पाह्यनं व्हतं," म्हणालात. ते मला पटलेलं नाही. आखाजीला घरी खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या होत्या, त्या नातवाबरोबर पाठवल्या. पोचल्या का? तो रस्त्यात एखादी खातो असा माझा संशय आहे.

मागचे टायर आता ५७ वर आलेत. हिशेब करून पाहिला: २६ दातांचा पिनियन लावला तर आकडा परत ५० वर जातो, तो मागवलाय. पण डावा टायर पुन्हा किंचित आउट मारतोय, काचेवर फिरवला की दिसतं. सोमवारी बाजार नसतो तेव्हा सकाळी घेऊन येतो. त्या वेळी शाफ्ट चढवलेला असला तर मी बाकड्यावर बसेन, घाई नाही. तो ॲल्युमिनियमचा दांडा तुम्ही खिडकीतल्या डब्यात ठेवला होता, भंगारात जाऊ देऊ नका.

तुमचा,
मेडिकलवाला