हौशी वादकाची प्रेरणा

महोदय,

हौशी कलावंताला प्रेरणा मोठ्या मैफलींतूनच मिळते, असा समज सर्वत्र दिसतो. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने अनेकांचे कान तयार केले, हे मान्यच आहे. परंतु नोकरी सांभाळून पेटी वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला नवी चाल सुचली ती एकादशीच्या भजनात, जेव्हा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून बसलेल्या वृद्ध वारकऱ्याने लय किंचित वाढवली आणि टाळकरी आपसूक त्यांच्यामागे गेले. (शिकवणीच्या वहीत ती लय कधी सापडली नव्हती.) आमच्या मंदिरात आता भजनाच्या वेळीही ध्वनिमुद्रित अभंग लावले जातात, ते विश्वस्तांनी थांबवावेत, ही विनंती.

एक हौशी पेटीवादक, पुणे