पसंतीक्रमाचे मतदान प्रभागातही हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात मी अनेक वर्षे मतदान करतो आहे. केंद्रावर जांभळ्या शाईचा पेन हाती मिळतो आणि उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. माझ्या पहिल्या पसंतीचा उमेदवार मोजणीत मागे पडून बाद झाला, तर माझे मत त्याच्याबरोबर संपत नाही. ते दुसऱ्या पसंतीकडे जाते. राष्ट्रपतींची आणि राज्यसभेची निवडणूकही पसंतीक्रमानेच होते. लोकसभा, विधानसभा आणि महापालिकेच्या मतदानात मात्र मला प्रत्येक जागेसाठी एकच बटण दाबता येते, आणि मत वाया जाईल या धास्तीने अनेकदा मनातला उमेदवार सोडून दुसऱ्यालाच ते द्यावे लागते.

ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त तो विजयी, या पद्धतीचे परिणाम सर्वच पक्षांनी कधी ना कधी भोगले आहेत आणि उपभोगलेही आहेत. १९८४ मध्ये काँग्रेसला निम्म्याहून कमी मतांवर लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, तर त्याच निवडणुकीत दोन कोटींहून अधिक मते घेणाऱ्या बहुजन समाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. कोण जिंकले याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दोन कोटी मतदारांसाठी सभागृहात बोलणारे कोणीच नव्हते, हे मला गंभीर वाटते.

संविधान सभेत हा प्रश्न आला होता. आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा, आग्रह धरला; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो नाकारताना साक्षरतेचा अभाव आणि सरकारचे स्थैर्य ही दोन प्रमुख कारणे दिली. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, हे लक्षात घेता त्यांची काळजी रास्तच होती. २०११ मध्ये महाराष्ट्रात ती ८२ टक्क्यांवर गेली. एक-दोन-तीन लिहिता येणे ही आता अडचण उरलेली नाही. स्थैर्याची शंका लोकसभेपुरती आजही विचारात घ्यावी लागेल, आणि म्हणूनच सुरुवात महापालिकेपासून व्हावी असे मला वाटते.

कारण बहुसदस्यीय प्रभाग आपल्याकडे आधीच आहेत. २०१७ मध्ये नागपूर महापालिकेच्या १५१ जागांसाठी ३८ प्रभाग होते. एक वगळता प्रत्येक प्रभाग चार सदस्यांचा. पण अ, ब, क, ड या जागांसाठी मते स्वतंत्रपणे मोजली जात असल्याने, मतदार पॅनेलला धरून मत देतात तेथे सर्वांत मोठा पक्ष चारही जागा घेऊन जातो. समजा, एका प्रभागात तीन पॅनेलना ४२, ३३ आणि २५ टक्के मते पडली. आजच्या मोजणीत पहिल्या पॅनेलचे चारही नगरसेवक निवडून येतात, आणि ५८ टक्के लोकांच्या हाती काहीच लागत नाही. पसंतीक्रमाने मोजणी केली, तर चार जागांसाठी निवडीचा कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, एक पंचमांशापेक्षा किंचित जास्त राहतो, कोट्यावरची मते पुढच्या पसंतीकडे जातात आणि मतदारांनी आपापल्या पॅनेलमध्येच पुढचे क्रम दिले असता निकाल दोन, एक, एक असा लागतो. गडरलाइनची, पाण्याची किंवा टॅक्स पावतीची तक्रार घेऊन जायला प्रत्येक गटाला प्रभागात आपला म्हणावा असा एक तरी माणूस मिळतो.

स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक परिषदांच्या निवडणुका याच पद्धतीने होतात, आणि तेथील प्रभागही बहुतांशी तीन-चार सदस्यांचेच आहेत. आपल्याकडची खरी गुंतागुंत आरक्षणाची आहे. सर्व उमेदवार एकाच यादीत ठेवून, महिला व राखीव प्रवर्गांच्या ठरलेल्या जागा भरण्याइतके उमेदवार मोजणीत बाद होणार नाहीत, असा नियम करता येईल. याचा तपशील राज्य निवडणूक आयोगाने जाणकारांकडून काळजीपूर्वक तयार करून घ्यावा. त्यात घाई नको.

महापालिका निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार संविधानाने राज्य विधिमंडळाला दिला आहे, त्यामुळे दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. नागपुरात २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचा प्रभाग झाला. प्रत्येक वेळी बदल झाला तो प्रभागाच्या आकारात, मते मोजण्याची रीत तीच राहिली. येत्या हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, यासाठी अशासकीय विधेयक मांडावे, आणि निदान एखाद्या नगरपरिषदेत हा प्रयोग करून पाहण्याची मागणी सभागृहात नोंदवावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक पदवीधर मतदार,
धरमपेठ, नागपूर