आगोटीच्या आधी रेकॉर्डी माळ्यावरून उतरव

गुहागर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आप्पांच्या रेकॉर्डी अजून माळ्यावरच आहेत हे वाचून जिवाला घोर लागला. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आली आहे, त्याआधी त्या खाली आण. कौलांखालचा माळा मे महिन्यात तापतो आणि जूनपासून ओल धरतो. लाखेच्या तबकडीला दोन्ही सोसत नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवायचं म्हणतोस, तसं मुळीच करू नकोस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पिशवी बांधताना आत शिरलेला दमटपणा तिथेच कोंडतो. तबकडीत नुसती लाख नसते. दगडाची पूड, काजळी, काहींत सुताचे तंतूही असतात, आणि बुरशी यातल्या सेंद्रिय भागावर पोसते. तबकडी उजेडात तिरकी धर. खाचांमध्ये पांढुरकं जाळं दिसलं तर ती आधी वेगळी काढ. बुरशीने खाच खाल्ली की पुसून काही भरून येत नाही, आणि मग बालगंधर्वांच्या तानेवर तळणीसारखी चरचर कायमची बसते.

एकावर एक आडव्या रचलेल्या रेकॉर्डींची चळत मात्र आजच मोड. दहा इंची तबकडी साधारण पाव किलोची, म्हणजे शंभरांचं ओझं पंचवीस किलो, आणि ते सगळं तळातल्या तबकड्यांवर. सगळ्या उभ्या ठेव, अगदी ताठ. कललेली तबकडी हळूहळू वाकते. दर पाच-सहा इंचांवर तबकडीच्याच उंचीची आडफळी हवी. दहा इंची आणि बारा इंची एका खणात मिसळू नकोस, मोठीचा दाब लहानीच्या कडेवर येतो.

यासाठी महागडं कपाट नको. माजघरातलं जुनं फणसाचं कपाट उत्तम. फक्त ते बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, कारण पावसाळाभर ती भिंत ओल पिते. पायांखाली दगड दे आणि वाळवीवर नजर ठेव. दारं अधूनमधून उघडत जा, पण झड लागलेली असताना नको. एक साधा आर्द्रतामापक आत ठेव. आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तमच, पण आपल्याकडे जुलैत ते जमणं कठीण. तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या ठेव, त्या तापवून पुन्हा वापरता येतात.

पुसायला स्पिरिट अजिबात नको, लाख त्यात विरघळते! मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धूळ काढ. फारच मळलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून सुती फडकं ओलसर कर, लेबलला पाणी लागू देऊ नकोस, आणि सावलीत उभी वाळव. उन्हात ठेवलीस तर वाकडी होईल.

जुनी पाकिटं फेकू नकोस. काहींवर त्या काळच्या जाहिराती आहेत, ती वेगळी जपून ठेव. नवी पाकिटं बाइंडरकडून आम्लरहित कागदाची करून घे. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, तो कागद आम्लधर्मी असतो.

आणि तुझ्या एलपीच्या सुईने या वाजवू नकोस. एलपीची सुई साधारण 1 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डीला 3 मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते. योग्य सुई मिळाली की एकदाच वाजवून ध्वनिमुद्रण करून घेऊ, मग मूळ तबकडीला पुन्हापुन्हा हात लावावा लागणार नाही.

दहा इंचीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात हिराबाई बडोदेकर पूर्ण राग उभा करतात. हे आप्पांनी आपल्याला पडवीत बसवून ऐकवलं, म्हणून तर आपल्याला कान आले. तडकलेल्या तबकड्याही ठेव, पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, न वाजवता.

सुताराला आडफळ्या आत्ताच सांगून ठेव, पुढे तो कौलं शाकारण्यात अडकेल. कागद मी चिपळूणहून घेतो. तुझ्याकडे बारा इंची किती आहेत तेवढं मोजून कळव.

तुझा,
अनंत